बाइकचा मीटर चिरचिर करतोय? नवा घेण्याआधी केबलला ग्रीस लावून बघा!

बाइकने तीस-चाळीसचा वेग पकडला की हँडलजवळून चिरचिर सुरू होते. हेडलाइटच्या मागे चिमणीने घरटं केलंय की काय, असं वाटावं इतकी. वेग वाढला की आवाज चढतो, सिग्नलला थांबलं की गप्प. कधी जोडीला मीटरचा काटाही थरथरत असतो. ४० आणि ५० च्या मध्ये असा काही नाचतो की नक्की वेग किती, ते कळतच नाही.

आपण काय करतो? "चालतंय ना, चालू दे." मग एक दिवस तो आवाज आपोआप बंद होतो. बरं वाटतं. दोन दिवसांनी लक्षात येतं की काटाही शून्यावरून हलत नाहीये आणि किलोमीटरचे आकडेही तिथेच थांबलेत. गॅरेजवाला सांगतो, "मीटर गेला, नवा टाकावा लागेल."

खरं म्हणजे अशा बऱ्याच वेळा मीटर गेलेला नसतो. त्याची केबल कोरडी पडून तुटलेली असते. ती चिरचिर म्हणजे केबलने आधीच दिलेली सूचना असते. तेव्हाच थोडं ग्रीस लावलं असतं तर काम भागलं असतं. घरच्या घरी अर्ध्या-पाऊण तासात हे कसं करायचं, ते आज बघू. ग्रीस कुठे लावायचं नाही, हेही बघू, कारण चांगला मीटर बिघडतो तो तिथेच.

आधी बघा, तुमच्या गाडीला केबल आहे का?

गाडीचा मीटर दोन प्रकारे चालतो. जुन्या आणि साध्या गाड्यांमध्ये पुढच्या चाकापासून मीटरपर्यंत एक केबल जाते आणि ती आतून फिरते. स्प्लेंडरसारख्या रोजच्या वापराच्या बाइकमध्ये वर्षानुवर्षं हीच पद्धत होती. बऱ्याच जुन्या स्कूटरमध्येही हीच. नव्या गाड्यांमध्ये मात्र चाकाजवळ किंवा इंजिनवर सेन्सर असतो आणि तो विजेच्या तारेतून मीटरला वेग कळवतो.

ओळखायचं कसं? मीटरच्या खाली बघा. काळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातली, साधारण पेन्सिलच्या जाडीची केबल मीटरच्या बुडाला नटने जोडलेली असेल आणि तिचं दुसरं टोक पुढच्या चाकाच्या हबमध्ये जात असेल, तर तुमचा मीटर केबलवर चालतो. पुढच्या ब्रेकची केबलही तशीच दिसते, पण ती ब्रेकच्या लिव्हरकडे जाते. दोन्हींची गल्लत करू नका.

मीटर डिजिटल असेल आणि अशी केबल नसेल, तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. तुमच्या गाडीतला आवाज दुसरीकडून येतोय, म्हणजे चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेक तपासायला हवा.

केबलवरचा मीटर चालतो कसा?

पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक छोटा गिअर असतो. चाक फिरलं की तो फिरतो आणि केबलच्या आतली तार फिरवतो. ही तार म्हणजे अनेक बारीक तारा एकमेकींवर पिळून केलेला लवचीक दांडा. दोन्ही टोकांना तो चौकोनी असतो. खालचं टोक गिअरमध्ये बसतं, वरचं मीटरमध्ये.

आता गंमत बघा. वरच्या टोकाला केबल आणि काटा एकमेकांना जोडलेलेच नसतात! केबल मीटरमध्ये एक लहान चुंबक फिरवते. चुंबकाला लागून, पण त्याला न चिकटता, ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते आणि काटा त्या वाटीला जोडलेला असतो. चुंबक फिरू लागलं की वाटीत विजेचे छोटे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात. ते वाटीला चुंबकाच्या मागे ओढतात. वाटीला केसासारखी बारीक स्प्रिंग धरून ठेवते, म्हणून ती गरगर न फिरता थोडीशीच वळते. चुंबक जितकं जोरात फिरेल, तितकी वाटी जास्त वळते आणि काटा तितका पुढे सरकतो.

या पद्धतीच्या मीटरचं पेटंट जर्मन संशोधक ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये घेतलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी साध्या बाइकमध्ये तीच युक्ती चालते. घरातल्या जुन्या वीजमीटरमधली फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आठवते? तीही याच तत्त्वावर चालायची.

किलोमीटरचे आकडे मात्र वेगळ्या मार्गाने फिरतात. चुंबकाच्याच दांड्यावर बारीक दाते असतात आणि त्यांच्यावरून छोटे गिअर आकड्यांची चाकं पुढे ढकलतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, बिघाड ओळखायला पुढे उपयोगी पडेल.

मग आवाज का येतो?

होंडाच्या जुन्या बाइकमधल्या बऱ्याच मीटरचं गणित साधारण असं आहे: केबलचे १४०० फेरे म्हणजे १ किलोमीटर. म्हणजे ताशी ६० च्या वेगात केबल मिनिटाला १४०० फेरे घेते. रोज ३० किलोमीटर गाडी चालवणाऱ्याची केबल दिवसाला ४२,००० फेरे मारते. गाडी २०,००० किलोमीटर चालेपर्यंत हा आकडा २ कोटी ८० लाखांवर जातो.

इतके फेरे ती एका अरुंद नळीत, वळणावळणातून, नळीच्या आतल्या बाजूला घासत घेते. कारखान्यातून येताना तिला ग्रीस लावलेलं असतं. हळूहळू ते सुकतं. पावसाळ्यात वेष्टनाच्या भेगेतून किंवा टोकाकडून पाणी शिरतं. सर्व्हिसिंगच्या वेळी जोरदार फवाऱ्याने गाडी धुतली तरी तेच होतं. पाण्यामागोमाग धूळ येते, मग गंज येतो.

कोरडी तार सलग फिरत नाही. ती क्षणभर अडकते, पिळली जाते आणि पीळ सहन झाला नाही की झटक्यात सुटते. पुन्हा अडकते, पुन्हा सुटते. हे सेकंदाला अनेक वेळा घडतं, तेव्हा आपल्याला चिरचिर ऐकू येते. काटा नाचतो तोही याच कारणाने, कारण चुंबकाला एकसारखी गती मिळत नाही. कोरडा रहाट करकरतो किंवा ओंगण न घातलेल्या बैलगाडीचं चाक कुरकुरतं, त्यातलाच हा प्रकार. बैलगाडीवाला आवाजाला कंटाळून चाक बदलत नाही, आसाला ओंगण घालतो. इथेही तेच करायचंय.

दुर्लक्ष केलं तर काय बिघडेल?

अडकत-सुटत फिरणारी तार दर वेळी पिळली जाते. तिचे बारीक पदर एकेक करून तुटतात आणि शेवटी ती संपूर्ण तुटते, बहुतेक वेळा टोकापाशी. काही वेळा तार टिकते, पण तिच्या ओढाताणीने मीटरमधलं बुश झिजतं किंवा चाकाकडच्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते जातात.

मीटर बंद पडला की नुसता वेग कळत नाही एवढंच होत नाही:

• इंजिन ऑइल किती किलोमीटरनंतर बदलायचं, हे आपण मीटरवरून ठरवतो. आकडाच थांबला तर अंदाज चुकतो आणि त्याची किंमत इंजिन मोजतं.

• गाडी मायलेज किती देते, रिझर्व्ह लागल्यापासून किती चालली, हे कळायला मार्ग उरत नाही.

• गाडी विकायला काढली की थांबलेला मीटर बघून घेणारा संशय घेतो. तुम्ही कितीही खरं सांगा, भाव पडतोच.

• चालू वेग दाखवणारा मीटर गाडीला असणं हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११७ नुसार बंधनकारकही आहे.

आवाज नक्की कुठून येतोय?

पक्कड हातात घेण्याआधी पाच मिनिटं ही तपासणी करा.

पहिली परीक्षा: गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून एक्सलरेटर पिळा. आवाज आला तर तो इंजिनकडचा किंवा एखाद्या सैल पत्र्याचा आहे. मीटरची केबल गाडी उभी असताना फिरत नाही.

दुसरी परीक्षा: मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्या. इंजिनचा आवाज कमी झाला तरी चिरचिर चालूच असेल आणि वेगासोबत कमी होत जात असेल, तर ती चाकावर फिरणाऱ्या भागांतून येतेय.

तिसरी परीक्षा: केबलचं चाकाकडचं टोक सोडवून ते चाकात, स्पोकमध्ये किंवा ब्रेकच्या भागांत अडकणार नाही असं दोरीने नीट बांधा आणि गल्लीत सावकाश एक चक्कर मारा. आवाज गेला तर तो केबलचा किंवा मीटरचा होता. आवाज तसाच राहिला तर ब्रेकचे लायनर, ब्रेक पॅड किंवा चाकाचं बेअरिंग तपासायला हवं. पुढचं चाक उचलून धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखड हललं तर बेअरिंगचं काम आधी करून घ्या. ते मीटरपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

मीटरचं वागणंही बरंच काही सांगतं:

• काटाही बंद, किलोमीटरही बंद: बहुतेक वेळा केबल तुटली आहे किंवा चाकाकडचा गिअर गेला आहे.

• काटा बंद, पण किलोमीटर पुढे सरकतायत: केबल ठीक आहे, बिघाड मीटरच्या आत आहे.

• काटा चालू, पण किलोमीटर थांबलेले: आकड्यांचे छोटे गिअर गेले आहेत. हेही मीटरच्या आतलं काम.

• दोन्ही चालू, पण चिरचिर आणि थरथर: आपलं आजचं गिऱ्हाईक. ग्रीस लावा.

काय काय लागेल?

• पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर

• गाडीचं साधं बहुउपयोगी ग्रीस. हार्डवेअरच्या किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात छोट्या डबीत मिळतं. लिथियम ग्रीस मागितलं तर उत्तम.

• थोडं रॉकेल किंवा डिझेल, जुनी केबल पुसायला. पेट्रोल वापरू नका, ते चटकन पेटतं.

• सुती फडकं आणि जुने वर्तमानपत्र

• मोबाइल, काढण्याआधी फोटो घ्यायला

केबलला ग्रीस लावायची पद्धत

१. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. केबल कुठून कशी गेलीये, कोणत्या कडीतून किंवा क्लिपमधून ओवली आहे, याचे दोन-तीन फोटो काढून ठेवा. परत बसवताना याचाच आधार असतो.

२. चाकाकडचं टोक सोडवा. काही गाड्यांत ते गोल नटने बसवलेलं असतं, काहींत एका छोट्या स्क्रूने अडकवलेलं असतं. नट असेल तर पक्कडीखाली फडकं धरा, म्हणजे नटावर ओरखडे पडणार नाहीत. टोकाला रबराची रिंग असेल तर ती जपून ठेवा.

३. मीटरकडचं टोक सोडवा. हा नट बहुतेक वेळा हाताने सुटतो. काही मॉडेलमध्ये हात पोचण्यासाठी हेडलाइटचं कव्हर आधी काढावं लागतं. तिथल्या वायरी ओढू नका.

४. आतली तार बाहेर काढा. बऱ्याच केबलमध्ये ती एकाच बाजूने निघते. एका टोकाने ओढून निघाली नाही तर दुसऱ्या टोकाने बघा. दोन्हीकडून निघत नसेल तर जोर लावू नका. काही केबलची तार आतच कायमची बसवलेली असते. अशा वेळी केबल उभी टांगून वरच्या टोकातून थोडं पातळ वंगण आत सोडावं, खालून बाहेर आलं की जादाचं गळून जाऊ द्यावं आणि टोकं पुसून घ्यावीत. वंगण सोडताना चाकाकडचं टोक वर ठेवा. मीटरकडचा भाग शेवटी नीट पुसून कोरडा करा.

५. तार वर्तमानपत्रावर ठेवून रॉकेलच्या फडक्याने पुसा. काळा चिकट मळ आणि तांबूस गंज निघेल. नंतर कोरड्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. जुन्या मळावरच नवं ग्रीस थापलं तर ती धूळ सॅंडपेपरसारखी घासत राहते.

६. आता ग्रीस. चिमटीत थोडं ग्रीस घ्या आणि तार त्या चिमटीतून ओढा. तारेवर पातळ, चकचकीत थर दिसला की पुरे. गोळे दिसायला नकोत. सुरुवात चाकाकडच्या टोकापासून करा आणि मीटरकडची वीतभर तार कोरडीच सोडा. ही वीतभर जागा का सोडायची, ते पुढे सांगितलंय.

७. तार हलकेच फिरवत वेष्टनात परत घाला. फिरवत घातली की ग्रीस सगळीकडे सारखं पसरतं. मीटरकडच्या टोकाला जादा ग्रीस गोळा झालं तर पुसून टाका.

८. केबल फोटोत होती तशीच ओवा. आधी मीटरकडचं चौकोनी टोक बसवा. बसत नसेल तर तार बोटांनी थोडी फिरवा. चौकोन चौकोनात बसला की ती आपोआप आत जाते. नट हाताने आवळा. पक्कडीने ताकद लावलीत तर मीटरच्या बुडाचे आटे जातील.

९. मग चाकाकडचं टोक आत घाला आणि पुढचं चाक हाताने सावकाश फिरवा. गिअरचा चौकोन समोर आला की टोक खाली बसतं. ते पूर्ण बसल्याशिवाय नट किंवा स्क्रू आवळू नका, नाहीतर पहिल्याच फेरीत टोक मोडेल.

१०. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. केबल कुठे ताणली जात नाही ना, दुमडत नाही ना, बघा. मग कोणाला तरी मागची सीट खाली दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. चाक जोरात फिरवा. काटा हलला, आवाज आला नाही, की काम झालं.

पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये काटा थोडा हलला तर घाबरू नका. ग्रीस पसरायला तेवढा वेळ लागतो.

मीटरकडची वीतभर तार कोरडी का ठेवायची?

ही तार पिळलेली असते, म्हणजे तिच्यावर स्क्रूच्या आट्यांसारखे वळसे असतात. ती फिरू लागली की हे वळसे ग्रीसला ढकलत पुढे नेतात. पिठाच्या गिरणीत किंवा उसाच्या कारखान्यात फिरता स्क्रू माल पुढे सरकवतो, तसंच. म्हणून खालच्या भागात लावलेलं ग्रीस हळूहळू वर येतंच. वरचा भागही भरून टाकला तर जादाचं ग्रीस जायला एकच जागा उरते: मीटर.

मीटरमध्ये चुंबक आणि वाटी यांच्यात अगदी बारीक फट असते. सगळा खेळ त्या फटीवर चालतो. तिथे ग्रीस शिरलं की चुंबक वाटीला चिकटपणाने ओढू लागतं. मग काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, अडखळतो किंवा गाडी थांबल्यावर शून्यावर परत येत नाही. केबल दुरुस्त झाली आणि मीटर बिघडला, असं होतं ते यामुळे.

या चार गोष्टी टाळा

इंजिन ऑइल ओतणं: ते पातळ असल्याने थोड्या दिवसांत खाली उतरतं. ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत मीटरचा गिअर ब्रेकच्या प्लेटमध्येच असतो. तेल तिथून ब्रेकच्या लायनरवर गेलं तर पुढचा ब्रेक लागणार नाही. मीटरच्या चिरचिरीपेक्षा हे फार महागात पडेल.

गंज सोडवणारा स्प्रे मारणं: आवाज लगेच बंद होतो, म्हणून हा उपाय अनेकांना आवडतो. पण असा स्प्रे उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. आठवड्याभरात चिरचिर परत येते, आधीपेक्षा मोठी.

खोबरेल किंवा खायचं तेल घालणं: ते काही दिवसांनी चिकट होतं, धूळ धरतं आणि तारेला जास्तच जखडून टाकतं.

मीटरच्या काचेच्या कडेने तेल सोडणं: आवाज वरून येतोय असं वाटून काहीजण हे करतात. तेल डायलवर पसरतं, डाग पडतात आणि आवाज तसाच राहतो.

केबल बदलायची वेळ कधी?

तार बाहेर काढलीच आहे तर तिची तब्येतही तपासून घ्या. ती सपाट फरशीवर ठेवून बोटांनी लोळवा. सरळ असेल तर गुळगुळीत लोळते. मध्येच उडी मारत असेल तर तिला बाक आलाय, आणि तेवढ्या जागी ती कायम अडकणार. पदर सुटून काटे बाहेर आले असतील, टोकाचे चौकोनी कोपरे झिजून गोल झाले असतील किंवा वेष्टन चिरलं, दबलं, वितळलं असेल, तर ग्रीस लावण्यात अर्थ नाही. नवी केबल घ्या. अख्ख्या मीटरच्या तुलनेत तिचा खर्च किरकोळ असतो. दुकानात जुनी केबल सोबत न्या, लांबी आणि टोकं जुळवून घ्या. नवी केबल बसवण्याआधी तिची तारही बाहेर काढून बघा. कोरडीच असेल तर आधी ग्रीस लावा.

आवाज मीटरमधूनच येत असेल तर?

केबल स्वच्छ आहे, ग्रीस लावलंय, तरी वरून कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतोय? मग मीटरमधल्या चुंबकाचा दांडा ज्या बुशमध्ये फिरतो, ते बुश कोरडं पडलं असणार.

इथे ग्रीस चालत नाही. शिलाई मशीनचं पातळ तेल लागतं, तेही एकच थेंब. मीटर सोडवून मऊ कापडावर काच खाली करून ठेवा. बुडाशी केबल बसते त्या भोकात फिरणारा दांडा दिसेल. सुईच्या किंवा टाचणीच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन दांडा आणि बुश यांच्या सांध्यावर टेकवा. जुन्या केबलचा तुकडा चौकोनात घालून दांडा बोटांनी सावकाश फिरवा, म्हणजे तेल आत ओढलं जाईल. वर राहिलेलं तेल पुसून घ्या. दुसरा थेंब टाकायचा मोह आवरा, कारण जास्तीचं तेल दांड्यावरून चुंबकाच्या फटीत उतरतं. दांडा फिरवायला ड्रिल मशीन लावू नका. उलट्या दिशेने जोरात फिरलं तर काटा शून्याच्या खिळ्यावर आपटून वाकतो.

एवढं करूनही आवाज राहिला, तर बुश झिजलंय. मीटर उघडण्याच्या भानगडीत घरी पडू नका. काचेची कड दुमडून बंद केलेली असते, ती उघडली की पाणी शिरायला वाट होते. मोठ्या गावांत मीटर दुरुस्त करणारे कारागीर असतात, त्यांच्याकडे द्या.

चाकाकडच्या गिअरलाही ग्रीस लागतं का?

लागतं, पण त्यासाठी पुढचं चाक काढावं लागतं. चाक काढायची सवय नसेल तर हे काम पंक्चर काढताना किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी करून घ्या. मिस्त्रीला आठवणीने सांगा: "मीटरच्या गिअरला थोडं ग्रीस लाव, लायनरला लागू देऊ नकोस." डिस्क ब्रेकच्या गाड्यांत बऱ्याचदा गिअरची वेगळी डबी असते आणि तिच्या पाकळ्या चाकाच्या खाचांत बसतात. चाक परत लावताना त्या खाचांत बसल्या आहेत का, हे ॲक्सल आवळण्याआधी बघायला सांगा. तसंच आवळलं तर पाकळ्या मोडतात आणि मीटर बंद पडतो. पंक्चर काढल्यानंतर मीटर बंद झाला असेल, तर आधी इथेच बघा.

काही नेहमीचे प्रश्न

केबल काढून ठेवून गाडी चालवली तर चालेल का?
गाडी चालेल. पण वेग आणि किलोमीटर दोन्ही दिसणार नाहीत आणि हबवरच्या उघड्या भोकातून पाणी-माती आत जाईल. तपासणीपुरती एखादी चक्कर ठीक, रोजसाठी नाही.

ग्रीस लावल्यावर काटा जास्त वेग दाखवू लागला. का?
ग्रीस बहुधा वर चढलंय. केबल मीटरकडून सोडवा, तारेचं वरचं टोक आणि मीटरच्या बुडाचं भोक पुसून कोरडं करा. तरी फरक पडला नाही तर ग्रीस चुंबकापर्यंत गेलंय, मीटर कारागिराला दाखवा.

थंडीत सकाळीच आवाज येतो, नंतर थांबतो. काळजीचं आहे का?
जुनं ग्रीस गारठ्याने घट्ट होतं आणि गाडी चालली की सैल पडतं. म्हणजे ते संपत आलंय. आवाज दिवसभर यायला लागेपर्यंत थांबू नका.

किती दिवसांनी करावं?

तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत अंतर दिलं असेल तर ते पाळा. नाहीतर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, हा चांगला नियम आहे. दसऱ्याला आपण गाडी धुतो, पुसतो, हार घालतो. त्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढून केबल उतरवली, तर पावसाचं पाणी आणि गंजही निघतो आणि पुढचं वर्षभर मीटर गुपचूप आपलं काम करत राहतो. गाडी धुताना मीटरच्या बुडाशी आणि हबवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, म्हणजे लावलेलं ग्रीस टिकेल.